मागच्या वेळी सापडले होते तिथे

बाबा दुसऱ्यांदा हरवले त्या दिवशी मी चकलीची भाजणी दळून आणायला गेले होते. दिवाळी तोंडावर आलेली, गिरणीत गर्दी, माझा नंबर लागेपर्यंत बराच वेळ गेला. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. बाबांच्या खोलीत पंखा फिरत होता, पलंगावर चादर घडी करून ठेवलेली होती, आणि बाबा नव्हते.

मी हाक मारली नाही. मागच्या वेळी मी हाका मारून अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती.

बाबा पापडीतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही दोघं भावंडं तिथेच लहानाची मोठी झालो, केळीच्या वाडीला लागून असलेल्या भाड्याच्या घरात. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही रेल्वेच्या रुळांपलीकडे, पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. नंतर आई गेली. दादा लग्नानंतर विरारला राहायला गेला. मी लग्न केलं नाही, त्यामुळे बाबा आणि मी असं आमचं घर. पुढे बाबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग वार, मग आई गेल्याचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, यांना एकटं सोडू नका. पण एकाच माणसाने चालवायच्या घरात त्यालाच गिरणीलाही जावं लागतं.

पहिल्यांदा ते हरवले ते मे महिन्यात. मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात नव्हते, आणि त्यांची काठी मात्र कोपऱ्यात उभी होती. मला वाटलं, काठीशिवाय बाबा लांब जाणं शक्य नाही, इथेच असतील. वॉचमनही म्हणाला, गेटमधून कोणी गेलं नाही. मग मी शेजाऱ्यांना घेऊन जिने पाहिले, गच्ची पाहिली, पार्किंगमधल्या एकेका गाडीमागे पाहिलं, पाण्याच्या टाकीवर माणूस चढवला. दादाला फोनही उशिराच केला, कारण आता सापडतील, मग सापडतील असं वाटत होतं.

दादा विरारहून आला. त्याने चप्पलही काढली नाही. दारातूनच विचारलं, "कालपासून काय बोलत होते?"

"पेपर तपासायचे राहिलेत म्हणत होते."

तो तसाच मागे वळला. बाबा त्याला पापडीला, शाळेच्या व्हरांड्यात सापडले. रेल्वेचा पूल ओलांडून, भर उन्हात, अनवाणी चालत गेले होते. वॉचमन त्या वेळी टँकरचा पाइप जोडायला मागे गेला होता. पायांना फोड आलेले, जीभ कोरडी पडलेली. कोणाचं ऐकत नव्हते. दादा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, शाळा सुटली. चला घरी." आणि बाबा उठून त्याच्यामागे आले.

त्यांना सलाइन लावावं लागलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये दादा माझ्या शेजारी बसला होता. समोर बघतच म्हणाला, "ते उन्हातून चालत होते आणि तू त्यांना जिन्यात शोधत होतीस." तो रागावला नव्हता. रागावला असता तर मलाही काहीतरी उलट बोलता आलं असतं.

पुढे हा प्रसंग आमच्या नात्यात सगळीकडे गेला. लग्नात, बारशात, कोणी ना कोणी काढायचंच. दादाने दारात उभं राहून एक प्रश्न विचारला आणि थेट बाबांपाशी पोचला. त्याचा एक सिद्धांतही तयार झाला होता. तो म्हणायचा, बाबा मागे मागे चाललेत, तेव्हा त्यांना शोधायचं तर आपणही मागे जायचं. लोक माना डोलवायचे. त्या गोष्टीत मीही असायचे, काठी बघून जिने शोधणारी.

त्यानंतर माझं काहीतरी बिघडलं. आधी मी घरचे निर्णय फटाफट घ्यायचे. आता साधी गोष्ट असली तरी, म्हणजे बाबांना औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, दाराला कडी कोणती लावायची, मनात पहिलं उत्तर आलं की मला त्याचाच संशय यायचा. मी दादाला फोन करायचे. तो सांगायचा, मी तसं करायचे. बरेचदा माझ्या मनात आलेलंच तो सांगायचा. तरी त्याच्या तोंडून आल्याशिवाय मला ते खरं वाटायचं नाही.

तर त्या दिवशीही मी रिकाम्या खोलीत उभं राहून दादालाच फोन लावला. तो घरून काम करत होता.

"पापडी," तो लगेच म्हणाला. "मी निघतो. तुझ्या वहिनीला रिक्षाने तिकडे पाठवतो. तू घरातच थांब, फोन हातात ठेव." आणि ठेवता ठेवता म्हणाला, "या वेळी इकडेतिकडे शोधत बसू नकोस."

मी बसले. समोर कोपऱ्यात काठी होती. खुंटीवर बाबांचा बाहेर जायचा शर्ट होता, खिशाला पेन लावलेला. बाबा त्या शर्टाशिवाय गेटबाहेर कधी पाऊल टाकत नसत, अगदी या आजारातही. म्हणजे ते बनियन-पायजम्यावर होते. म्हणजे ते इथेच कुठेतरी होते.

हे मनात आलं आणि मी ते लगेच झटकून टाकलं. कारण हेच, अगदी हेच उत्तर मागच्या वेळी चुकलं होतं. मी शर्टाकडे पाठ करून बसले.

इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, "आजोबा बाहेर गेले नाहीत मॅडम, मी गेटवरच आहे." मागच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. गेटवरचा कॅमेरा दुरुस्तीला काढलेला होता. मी बरं म्हणून फोन ठेवला.

दादाचे फोन यायला लागले. शाळेला सुट्टी लागली होती, गेट बंद होतं, बाहेर कोणी नव्हतं. मग तो जुन्या घराकडे गेला. तिथे आता तीन मजली घर उभं आहे, त्यांच्याकडे विचारलं. चर्चच्या आवारात बघून आला, तळ्याला फेरी मारली, वाडीतल्या पायवाटा पाहिल्या. दर फोनला त्याचा आवाज आणखी ठाम होत होता.

"दादा, दुसरीकडे कुठे..."

"दुसरीकडे कुठे जाणार? इथेच येणार ते. वाटेत असतील. मी पुलापर्यंत हळूहळू जाऊन परत शाळेपाशी येतो."

बाबा दिसत नव्हते आणि दादाची खात्री मात्र वाढत चालली होती. मला ते कळत होतं, पण बोलायला तोंड उघडत नव्हतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भिंतींवर पांढरं पडलं होतं. बाबांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

वहिनी आली. तिने आधी मला पाणी दिलं, मग चहा टाकला. गाळून झाल्यावर चोथा टाकायला इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, कचऱ्याची बादली कुठे ठेवता?"

"दाराबाहेर, उजवीकडे."

"तिथे नाहीये."

मी उठून बाहेर गेले. बादली नव्हती. कचरा नेणारी बाई त्या दिवशी आलीच नव्हती, तिच्या गावी जत्रा होती. बादली भरलेली होती, मी गिरणीत जाताना पाहिली होती. मी तिथेच उंबऱ्यात उभी राहिले.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"माझं काय विचारता वहिनी. मागच्या वेळी माझं ऐकलं आणि काय झालं."

"मी मागच्या वेळचं नाही विचारत. आत्ताचं विचारतेय."

मी सांगितलं. काठी, शर्ट, बादली. सांगताना ते सगळं फार सरळ वाटत होतं आणि त्यामुळेच भीती वाटत होती. वहिनीने चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "चला."

आधी आम्ही आमचीच विंग पाहिली. गच्चीला कुलूप होतं. मजल्यामजल्यावर कोणी नव्हतं. पार्किंगमध्ये वाकून वाकून गाड्यांखाली पाहताना मी मध्येच उभी राहिले. पुन्हा तेच चाललं होतं, तेच जिने, त्याच गाड्या, आणि बाबा कुठेतरी उन्हात. "मी वर जाते," मी म्हणाले. "दादाचा फोन यायचा."

"फोन तुमच्या हातात आहे," वहिनी म्हणाली. "कचऱ्याचे ड्रम कुठे असतात?"

ड्रम सोसायटीच्या मागच्या भिंतीला, सी विंगच्या पलीकडे असतात. आम्ही तिथे गेलो. तिथेही कोणी नव्हतं. पण ड्रमकडून परत वळलं की पहिला जिना समोर येतो तो सी विंगचा. आमच्या तिन्ही विंगांना तशाच पिवळट लाद्या, तशाच पत्रपेट्या, तसेच लाल कठडे. आणि सी विंगच्या पहिल्या पायरीवर आमची निळी बादली रिकामी ठेवलेली होती. तिची कडी तुटली म्हणून मीच साडीच्या काठाची पट्टी बांधली होती.

लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलो. आमचं घर चौथ्या मजल्यावर डाव्या हाताला, तसंच इथेही डाव्या हाताला एक दार होतं. बाहेर रेतीची पोती आणि लाद्यांचे खोके पडलेले. त्या घरात काम चालू होतं. दार नवं होतं, पाटी नव्हती, बेलच्या वायरी लोंबत होत्या. दार बंद होतं. मी वाजवलं.

"कोण आहे?" आतून बाबांचा आवाज आला. वर्गातला, खणखणीत.

"बाबा, मी आहे. दार उघडा."

"मी म्हणजे कोण?"

"तुमची मुलगी."

"माझी मुलगी शाळेत गेलीय. सगळं घर धुऊन नेलंय तुम्ही लोकांनी. पोलीस आल्याशिवाय दार उघडणार नाही."

समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, सकाळी दार आपटल्याचा आवाज आला, पण कामगारच असतील असं वाटलं. कामगार लाद्या कमी पडल्या म्हणून दार उघडं टाकून गेले होते, ते अजून परतले नव्हते. दाराला लॅच होतं, वाऱ्याने बंद झालं असावं. मग त्या बाईंनी आवाज एकदम खाली आणला. "अहो, त्यांची गॅलरी तोडलीय. ग्रिल काढलीय, कठडाही फोडलाय, मोठी खिडकी बसवायचीय म्हणून. नुसती दोरी बांधलीय तिथे."

त्यांनी घरमालकाला फोन लावला, मालकाने ठेकेदाराला. किल्ली ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार नालासोपाऱ्यात रस्त्यात अडकलेला. वहिनीने दादाला कळवलं आणि धावत खाली गेली, गॅलरीवर खालून नजर ठेवायला. मी जिन्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं. वॉचमन आणि आणखी दोघं खाली गोधडी ताणून उभे होते. चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्या माणसाला गोधडीने काय होणार, पण ते धरून उभे होते.

दादाने वहिनीला फोनवर सांगितलं होतं, "कोणी काही बोलू नका. त्यांना कसं बाहेर आणायचं मला माहितीये." म्हणून मी गप्प राहिले. आत बाबांच्या फेऱ्या चालल्या होत्या. पावलं दारापाशी यायची, मग लांब जायची. लांब गेली की मी खिडकीतून खाली, वहिनीकडे बघायचे.

दादा जिन्याने धावत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने दाराला हात टेकला, स्वतःला सावरलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "सर, शाळा सुटली. चला घरी."

आतली पावलं थांबली. मग बाबा म्हणाले, "सुटली? मग पोरगी अजून कशी आली नाही?" आणि पावलं भराभर लांब गेली.

खालून वहिनीचा आवाज आला. "बाबा, मागे व्हा. मागे व्हा."

दादाने दारावर थाप मारली. "सर, शाळा सुटली. सर." मग पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. त्याने खांदा लावून दार ढकलायला सुरुवात केली आणि आतून बाबा ओरडायला लागले, "चोर, चोर." मी दादाचा दंड धरला. "ढकलू नको. ते मागे सरकतील."

"मग काय करू?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला असेल.

मला काही सुचलेलं नव्हतं. जे पहिलं आलं ते मी केलं. लहान मुलीसारखा आवाज काढून म्हणाले, "बाबा, मी आले शाळेतून."

"आवाज काढून फसवता होय," बाबा म्हणाले.

हेही चुकलं. पण आता चुकल्याचा विचार करायला वेळ नव्हता. बाबा काय म्हणाले होते तेवढंच मी आठवलं. घर धुऊन नेलंय. पोलीस आल्याशिवाय नाही. आम्ही सगळे त्यांना घरी चला म्हणत होतो, आणि ते तर आपल्या घरीच होते, लुटलेल्या घरात राखण करत.

मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सर, मी सोसायटीकडून आलेय. तुमच्याकडे चोरी झाली असं कळलं. पोलिसांना यादी द्यायची आहे. काय काय गेलं ते सांगता का?"

मग पावलं. जवळ येत होती.

"लिहून घेताय?"

"हो सर."

"लिहा. एक लाकडी कपाट, दोन आरशांचं."

"दोन आरशांचं कपाट," मी म्हणाले. हातात कागद नव्हता की पेन नव्हतं.

"शिवणाचं मशीन. आमच्या मिसेसचं. पायाचं आहे, हाताचं नव्हे."

"पायाचं मशीन."

"एक टेबल. त्याच्यावर दहावीचे पेपर होते, अजून तपासायचे होते. पेपर न्यायचं काय कारण चोरांना?" त्यांचा आवाज आता अगदी दारामागे होता आणि त्यात कंप होता. दादाने तोंड भिंतीकडे केलं.

"मशीन कुठे होतं सर? तेही लिहावं लागतं."

"इथे, खिडकीखाली."

"इथून दिसत नाही. जरा दाखवाल?"

लॅच वाजलं. दार वीतभर उघडलं. मी मागे हात करून दादाला थांबवलं आणि एकटीच आत गेले. बाबांच्या डोक्यावर सिमेंटची पांढरी धूळ होती, ओठ सुकले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला खिडकीपाशी नेलं. "इथे," ते म्हणाले. मी वाकून त्या मोकळ्या जागेकडे नीट पाहिलं. "हो सर, इथेच होतं." त्यांच्या पाठीमागे ती दोरी होती, आणि दोरीच्या पलीकडे नुसतं ऊन. तेवढ्यात दादा आवाज न करता भिंतीच्या कडेने आत आला आणि बाबा आणि ती दोरी यांच्यामध्ये उभा राहिला.

आम्ही त्यांना घरी आणलं. लिंबू-सरबत पाजलं. पलंगावर टेकल्यावर त्यांनी कपाट पाहिलं, टेबल पाहिलं. "सापडलं का सगळं?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले. ते झोपले.

दादा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. बुटांना वाडीतली माती लागलेली. "मी त्या गेटपाशी परत परत जात होतो," तो म्हणाला. "ते तिथे नाहीत हे दिसत होतं. तरी जातच होतो." मग म्हणाला, "तुला आधीच वाटलं होतं ना, इथेच आहेत म्हणून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी सरबताचा ग्लास विसळायला घेतला. त्याने नजर खाली केली. "हॉस्पिटलात मी तुला बोललो होतो..."

"ते खरंच होतं."

"त्या दिवसापुरतं खरं होतं," दादा म्हणाला.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सोसायटीत ती पसरली आणि या वेळी हुशार मी ठरले. लिफ्टमध्ये बायका मला थांबवून सगळं पुन्हा सांगायला लावायच्या. मीही सांगायचे. सांगता सांगता माझ्या बोलण्यात एक ठामपणा आला. विसराळू माणूस लांब जात नाही, आधी घरातल्या वस्तू बघा, वस्तू सांगतात. असं मी चार जणींना तरी ऐकवलं असेल.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी बी विंगमधल्या एका बाईंचा फोन आला. त्यांची आई दिसत नव्हती. म्हातारी पाचूबंदरच्या मच्छीमार घरातली, नवरा गेल्यावर लेकीकडे आलेली, आणि तिचंही विसरणं सुरू झालेलं. मी लगेच गेले. विचारलं, "चपला?"

"आहेत घरी."

"मग इथेच आहेत," मी म्हणाले. आणि कामाला लागले. कोणी गच्ची बघा, कोणी सी विंग, जिथे जिथे घरांचं काम चालू आहे तिथे आत जाऊन बघा. लेक माझ्या मागे मागे चालत होती. हळूच म्हणाली, "ताई, आई दोन दिवस होड्यांचंच बोलत होती. बंदरावर एक फोन करू का?"

"आधी इथलं संपवू," मी म्हणाले. तिने फोन पर्समध्ये ठेवला. ती माझं ऐकत होती, कारण मागच्या वेळी माझं बरोबर निघालं होतं.

आम्ही सी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर होतो तेव्हा तिचा फोन वाजला. पाचूबंदरहून कोणी कोळीण बोलत होती. म्हातारीच्या गळ्यातल्या पट्टीवर नंबर लिहिलेला होता. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आलं. "तुमची आई हितं मासळीच्या लिलावात येऊन बसलीय. पानी दिलंय, चाय दिलीय. घाबरू नका, न्यायला या."

मी लेकीबरोबर रिक्षाने गेले. वाटभर ती फोन हातात धरून बाहेर बघत होती. संध्याकाळी घरी परतल्यावर मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चपला घरी होत्या ना? मग इथेच शोधा, असंच मीही सांगितलं असतं, आता."

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा म्हातारी टोपल्यांच्या रांगेपाशी पाय पसरून बसली होती. पदराला मासळीचं पाणी लागलेलं, चेहरा इतका मोकळा मी तिचा कधी पाहिला नव्हता. लेकीने तिला पोटाशी धरलं आणि रडत रडत रागावली, "एवढ्या लांब आलीस, साध्या चपला तरी घालायच्या."

म्हातारीने तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"बंदरावं चपला घालून कोन येतं?" ती म्हणाली.